वाहनाची पहिली परीक्षा मालकानेच करावी

कल्याणच्या कृषि उत्पन्न बाजार समितीत पहाटेच्या बाजारास माल पोचवावयाचा असल्यास टोकावडे-सरळगावकडील भाजीच्या गाड्यांना मध्यरात्रीनंतर निघावे लागते. आदल्या दिवशी सायंकाळी तोडलेली भेंडी, काकडी, मिरची गोण्यांत व क्रेटमध्ये भरलेली असते. अशी गाडी वाटेत बंद पडली, तर माल उन्हे वर येईपर्यंत रस्त्याच्या कडेस पडून राहतो आणि बाजारात पोचतो तेव्हा भाव उतरलेला असतो. दुरुस्तीचा खर्च निराळाच. पण गाडी का थांबली असे विचारले, तर बहुधा ‘‘अचानक बंद पडली’’ एवढेच उत्तर मिळते. यंत्र असे अचानक फारच क्वचित बंद पडते. ते अगोदर अनेक दिवस सांगत असते; ऐकणारा कोणी नसतो, इतकेच.

ठाणे जिल्ह्यातील शेतकऱ्यास ही ऐकण्याची विद्या परकी नाही. ज्याने बैल बाळगले त्याला रोज सकाळी बैलाचा खांदा, खूर, डोळा व शेण पाहण्याची सवय होती. बैलाने वैरण टाकली की त्याच दिवशी इलाज होई. गाडीची धाव व आस यांना वंगण घालावयाचे कोणास सांगावे लागत नसे. आज गोठ्याच्या जागी पिकअप उभी आहे आणि चिखलणी पॉवर टिलरने होते. परंतु सकाळची ती नजर मात्र बैलाबरोबरच गेली. बैलापेक्षा कित्येक पटीने महाग असलेले हे जनावर दिवसेंदिवस कोणी न तपासता जुंपले जाते.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, व तो अगदीच निराधार नाही. जुन्या गाड्या साध्या होत्या; फियाट अथवा पद्मिनीचा कार्ब्युरेटर उघडून फुंकर मारली की गाडी चालू होई, आणि त्या पिढीतील पुष्कळ चालक आपली गाडी आपणच जोडीत. ज्या प्रीमियर कंपनीने या गाड्या बांधल्या तिचा एक कारखाना कल्याण-शीळ रस्त्यावर डोंबिवलीनजीक होता, आणि नव्वदच्या दशकात तेथे प्युजो 309 ही गाडीही बांधली जात असे. तो कारखाना बंद झाला. पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून गेली. 1 एप्रिल 2020 पासून विकली जाणारी नवी वाहने बीएस-6 मानकांची आहेत व त्यांत जागोजागी सेन्सर व संगणक बसविलेले आहेत. तेव्हा मालकाने हात लावण्यासारखे आता राहिले तरी काय, असे विचारण्यात येते.

उत्तर असे की, संगणक आला म्हणून बॅटरीचे टर्मिनल गंजावयाचे थांबले नाही, रेडिएटरमधील पाणी कमी व्हावयाचे थांबले नाही, आणि भाताच्या तुसाने व रस्त्याच्या धुळीने एअर फिल्टर तुंबावयाचाही थांबला नाही. वाहन रस्त्यात थांबण्याची नेहमीची कारणे आजही हीच आहेत. संगणकाच्या आत काय चालते ते मालकाने जाणण्याची गरज नाही. हात लावण्याआधी काय पाहावे, एवढे त्याने अवश्य जाणावे.

पाहण्यासही क्रम असतो. गाडी चालू होत नाही असे म्हणणे म्हणजे माणसाला बरे नाही असे म्हणण्यासारखे आहे. त्यावरून औषध देता येत नाही. किल्ली फिरविल्यावर इंजिन मुळी फिरतच नाही, की फिरते पण पेट घेत नाही, हा पहिला भेद करावा. फिरतच नसेल, नुसता ‘टक्’ असा आवाज येत असेल व दिवे मंद होत असतील, तर दोष बॅटरीत अथवा तिच्या जोडणीत शोधावा. टर्मिनलवर पांढरा-हिरवा क्षार साचलेला असल्यास आधी ऋण व मग धन तार काढून, खाण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने टर्मिनल धुवावे, कोरडे करून घट्ट आवळावे व वर व्हॅसलीनचा पातळ थर द्यावा. तारा परत जोडताना धन आधी व ऋण शेवटी. काही शे रुपयांत मिळणारा मीटर घरी असल्यास अधिकच चांगले. रात्रभर उभ्या गाडीची निरोगी बॅटरी सुमारे 12.6 व्होल्ट दाखविते व इंजिन चालू असताना हा आकडा साधारणपणे 14 च्या आसपास जातो. तो 14 कडे चढलाच नाही तर पहिला संशय बॅटरीवर न घेता ती भरणाऱ्या अल्टरनेटरवर अथवा त्याच्या पट्ट्यावर घ्यावा. या एका मोजणीअभावी चांगली बॅटरी बदलून नवी घेणारे व आठवड्याने तीही उतरलेली पाहणारे लोक थोडे नाहीत. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा हा प्रकार होतो.

इंजिन जोराने फिरते परंतु पेट घेत नाही, अशा वेळी सेल्फ मारीत बसू नये. त्याने बॅटरीही जाते. टाकीत इंधन आहे काय, डिझेलच्या फिल्टरखाली पाणी साचले आहे काय, हवेचा मार्ग मोकळा आहे काय, हे पाहावे. पावसाळ्यात डिझेलमध्ये पाणी उतरण्याचा संभव अधिक. ज्या गाड्यांना पाणी काढण्याची चावी आहे त्यांत ते काढणे काही मिनिटांचे काम आहे आणि ते कसे करावे हे गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत लिहिलेले असते. ही पुस्तिका बहुतेक घरांत प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरच आलेली नसते.

चालू गाडीचा धूर पाहणे हे बैलाचे शेण पाहण्यासारखेच आहे. बीएस-6 गाडीच्या सायलेन्सरमधील गाळणी बराचसा धूर अडवून धरते, म्हणून तेथे दोष उशिरा दिसतो. जुन्या गाड्या, टिलर व पाण्याची इंजिने यांत मात्र तो लपत नाही. काळा धूर म्हणजे इंधनाच्या मानाने हवा कमी; पहिला संशय एअर फिल्टरवर घ्यावा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळत आहे. येथे फिल्टर बदलून भागणार नाही, इंजिनाची झीज तपासावी लागेल. पांढरा दाट धूर इंजिन तापल्यावरही राहत असेल व रेडिएटरचे पाणी वरचेवर कमी होत असेल, तर पाणी सिलिंडरमध्ये शिरत असल्याची शंका घ्यावी व गाडी पुढे चालवू नये. थंडीच्या सकाळी क्षणभर दिसणारी वाफ निराळी, तिचे भय नको.

रात्री गाडी उभी असते तेथील जमीनही पाहावी. काळपट तेलाचा डाग इंजिनाखाली असेल, हिरवा अथवा गुलाबी चिकट डाग कुलंटचा असेल, वातानुकूलनाचे स्वच्छ पाणी असेल तर काहीच नाही. पण चाकाच्या आतील बाजूस फिकट पिवळा, तेलकट ओलावा दिसला, तर तो ब्रेक ऑइलचा समजावा आणि ती गाडी अंगणातून हलवू नये. टायरविषयी थोडक्यात सांगावयाचे तर, मध्यभागी झीज म्हणजे हवा जास्त, दोन्ही कडांना झीज म्हणजे हवा कमी, व एकाच कडेला झीज म्हणजे चाकांची ठेवण बिघडलेली.

पुराविषयी मात्र विस्ताराने लिहिणे अगत्याचे आहे. कारण या जिल्ह्यात वाहनाचे सर्वांत मोठे नुकसान एका क्षणात व मालकाच्याच हातून होते ते येथे. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा ठाणे, कल्याण, बदलापूर या सर्व पट्ट्यात पाणी भरले. 27 जुलै 2019 रोजी उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर व वांगणीच्या दरम्यान अडकून पडली. रायत्याच्या पुलावर उल्हासचे पाणी चढले की कल्याण-मुरबाड रस्ताच बंद होतो. अशा प्रत्येक पुरानंतर, पाणी ओसरताच, बुडालेल्या गाडीचा मालक पहिली गोष्ट करतो ती किल्ली फिरविण्याची. ‘‘चालू होते का पाहू’’ एवढाच त्याचा हेतू असतो. डिझेल इंजिनात हवा साधारणपणे 15 ते 20 पट दाबली जाते. हवा दबते, पाणी दबत नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला की जोर कनेक्टिंग रॉडवर येतो व तो वाकतो अथवा तुटतो, प्रसंगी इंजिनाची भिंतही फोडतो. पुराच्या पाण्याने जे इंजिन केवळ ओले झाले होते, व जे साफ करून घेता आले असते, ते किल्लीच्या एका वळणाने भंगारात जाते. विम्याच्या साध्या पॉलिसीत इंजिनाचे हे नुकसान बहुधा धरले जात नाही. त्यासाठी इंजिन-संरक्षणाची निराळी पुरवणी घ्यावी लागते. आपल्या पॉलिसीत ती आहे काय, हे जूनपूर्वी वाचून पाहावे.

बुडालेल्या गाडीस प्रथम बॅटरीची ऋण तार काढावी. मग एअर फिल्टरचे झाकण उघडून आत ओल आहे काय ते पाहावे, व ऑइल मोजण्याची पट्टी काढून तेलाचा रंग पाहावा. तेल दुधाळ, चहासारखे दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे. या दोहोंपैकी एक जरी खूण आढळली तरी गाडी ओढून मिस्त्रीकडे न्यावी. ढकलून किंवा गिअरमध्ये टाकून चालू करण्याचा प्रयत्न सेल्फ मारण्याइतकाच घातक आहे. वाहत्या पाण्यात गाडी घालूच नये हे सांगावयास नको, तरी दरवर्षी सांगावे लागते.

स्वतः पाहणे व स्वतः दुरुस्त करणे यांत भेद ठेवलाच पाहिजे. ब्रेक, स्टिअरिंग व डिझेलचा उच्च दाबाचा पंप ही अंगणात उघडण्याची कामे नव्हेत. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडून अनेकांनी तोंड भाजून घेतले आहे. इंजिन पूर्ण थंड होईपर्यंत थांबण्यास पर्याय नाही. माळशेज घाटाने भाजी अथवा खत भरून उतरणाऱ्या चालकाने ब्रेकवर पाय ठेवून उतरणे म्हणजे ब्रेक तापवून निकामी करणे होय. ज्या गिअरने चढ चढावा लागला असता त्याच गिअरने उतरावे. पेडल पूर्वीपेक्षा खोल जाऊ लागले, तर त्या दिवसाची खेप रद्द करावी. ब्रेक ऑइल हवेतील ओल शोषून घेते, म्हणून पुस्तिकेत सांगितलेल्या मुदतीत, बहुधा दोन वर्षांनी, ते बदलावे लागते. ही गोष्ट जुन्या चालकांनाही क्वचितच ठाऊक असते.

बीएस-6 डिझेल गाड्यांचा एक नवा आजार येथे नोंदविण्याजोगा आहे. सायलेन्सरमधील गाळणी काजळी धरून ठेवते व इंजिन चांगले तापून काही वेळ वेगाने चालले म्हणजे ती काजळी आपोआप जाळते. गावातल्या गावात दोन-तीन किलोमीटरच्या खेपा करणाऱ्या गाडीत हे जळणे पुरे होत नाही, गाळणी तुंबते व फलकावर दिवा लागतो. तो दिवा प्रथम लागतो तेव्हा पुस्तिकेतील सूचनेप्रमाणे मोकळ्या रस्त्यावर काही वेळ चालविल्यास काम बहुधा भागते. दिव्याकडे दुर्लक्ष करणाऱ्यास पुढे मोठा खर्च सोसावा लागतो, आणि गाळणी काढून टाकण्याचा सल्ला देणारा मिस्त्री मालकास कायदेशीर अडचणीत लोटतो.

मिस्त्रीचा विषय निघालाच आहे, तर त्याची बाजूही सांगितली पाहिजे. गॅरेजवाला फसवितो ही तक्रार फार ऐकू येते. काही फसवीतही असतील. परंतु ‘‘गाडी नीट चालत नाही, बघा काय ते’’ एवढे बोलून किल्ली देणाऱ्या गिऱ्हाईकापुढे प्रामाणिक मिस्त्रीसुद्धा एकामागून एक भाग बदलून पाहण्यापलीकडे काय करील? उलट, ‘‘सकाळी थंड असताना ठीक असते, दहा किलोमीटरनंतर काटा चढतो, पाणी आठवड्याला अर्धा लिटर कमी होते’’ असे जो सांगतो त्याचे निम्मे काम झालेले असते. काढलेला जुना भाग परत मागून घ्यावा. यासाठी एक साधी वही पुरते. डिझेल केव्हा व किती भरले, गाडी किती किलोमीटर चालली, ऑइल केव्हा बदलले, एवढे तीत असावे. लिटरमागे मिळणारे अंतर हळूहळू घटू लागले, तर इतर कोणतीही खूण दिसण्यापूर्वी ही वही दोष दाखविते.

टिलरच्या बाबतीत तर हयगय अधिकच महाग पडते. राबातील रोप 21 ते 25 दिवसांचे झाले की आवणी झाली पाहिजे. ऐन चिखलणीत टिलर बसला आणि भाग येण्यास आठ दिवस लागले, तर रोप जून होते, फुटवे कमी येतात व तो तोटा पुढे कोणत्याही खताने भरून निघत नाही. अनुदानाचा अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर कसा भरावा हे आज गावोगाव सांगितले जाते, व ते योग्यच आहे. परंतु यंत्र घरी आल्यावर त्याचे तेल कसे पाहावे, हे सांगण्यास कोणी येत नाही. अनुदानाच्या प्रत्येक यंत्रामागे गावात एक दुपार प्रत्यक्ष देखभालीच्या शिक्षणास द्यावी, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील निदेशकांचे त्यासाठी साहाय्य घ्यावे, आणि घरातील जी व्यक्ती यंत्र चालविते तिलाच, मग ती सून असो वा मुलगा, तेथे बोलवावे. सातबारा ज्याच्या नावे आहे त्याला बोलावून उपयोग नाही.

सध्या पुष्कळ ठिकाणी आवणी आटोपली की टिलर चिखलासकट पडवीत लोटला जातो व मृगाच्या तोंडावर आठवतो. तो आवणीनंतर लगेच धुवावा. गिअरपेटीतील तेल दुधाळ झाले असल्यास सील गळत आहे असे समजून ते त्याच वेळी बदलून घ्यावे; जूनमध्ये सर्वांचीच घाई असते. डिझेल टिलरची टाकी भरून ठेवावी, म्हणजे रिकाम्या जागेत ओल धरून पाणी साचत नाही. पेट्रोलवर चालणाऱ्या लहान कोळपणी यंत्राचे मात्र नेमके उलट आहे. हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते व ते ओल खेचते, म्हणून त्याची टाकी व कार्ब्युरेटर दोन्ही रिकामे करूनच ते यंत्र ठेवावे. महिन्यातून एकदा टिलर पाच-दहा मिनिटे चालवावा, आणि पट्टा, नांग्या व बोल्ट यांची यादी करून लागणारे भाग मे महिन्यातच आणून ठेवावेत.