‘रुग्णाची भाषा’ या रकान्यात काय लिहावे?

गेल्या पावसाळ्यात कटंगीकडचे एक शेतकरी गृहस्थ आमच्या बालाघाटच्या कार्यालयात आले. काम जमिनीचे नव्हते. त्यांच्या तेवीस वर्षांच्या मुलाला लहानपणापासून अपस्माराचे, म्हणजे मिरगीचे झटके येतात. औषधे बदलून झाली, झटके थांबले नाहीत, आणि आता दूरच्या एका मोठ्या रुग्णालयाने मेंदूची शस्त्रक्रिया सुचवली होती. संमतिपत्र इंग्रजीत होते. ते समजावून द्यावे एवढीच त्यांची विनंती. कागदांच्या गठ्ठ्यात भाषेच्या चाचणीचा एक अहवाल होता. त्यात ‘रुग्णाची भाषा’ असा रकाना होता आणि पुढे लिहिले होते : हिंदी. आम्ही विचारले, “घरी काय बोलता?” ते म्हणाले, “मराठीच बोलतो जी. पण दवाखान्यात कोण विचारते?”

हा रकाना आमच्या चांगल्या ओळखीचा आहे. जनगणनेत, शाळेच्या दाखल्यात, शिधापत्रिकेच्या अर्जात याच रकान्यासाठी आम्ही सीमाभागातील माणसे वर्षानुवर्षे भांडत आलो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडातील आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला, आणि तेव्हापासून सरकारी कागदावर आमची भाषा दुसराच कोणीतरी ठरवतो. परंतु शाळेच्या दाखल्यातील चूक पुढे दुरुस्त करता येते. मेंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी झालेली ही चूक शस्त्रक्रियेनंतर दुरुस्त करता येईलच, असे नाही. म्हणून या विषयावर लिहिणे आम्हाला अगत्याचे वाटते.

प्रथम वस्तुस्थिती. अपस्माराच्या रुग्णांपैकी सुमारे एक तृतीयांशांचे झटके औषधांनी पुरते आटोक्यात येत नाहीत. योग्य रीतीने निवडलेली दोन औषधे देऊनही झटके थांबले नाहीत, तर तो औषधांना दाद न देणारा अपस्मार समजला जातो. अशांपैकी काहींच्या बाबतीत झटका मेंदूच्या ज्या भागातून उठतो तो भाग शोधून काढून टाकता येतो. हे उपचार भारतात नवे नाहीत. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत अपस्मार-शस्त्रक्रियेचा कार्यक्रम १९९५ पासून चालू आहे. हे उपचार अनेकांना नवे आयुष्य देतात. तेव्हा आमचा आक्षेप शस्त्रक्रियेला नाही, हे आरंभीच स्पष्ट करतो. भीतीपोटी कोणी शस्त्रक्रिया टाळावी असे आम्ही म्हणत नाही.

अडचण अशी की बहुतेकांच्या मेंदूत भाषेची मुख्य केंद्रे डाव्या बाजूस असतात, आणि झटक्याचे मूळही त्याच बाजूस, त्याच शेजारात असू शकते. पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये आणि कार्ल वेर्निके यांनी १८७४ मध्ये भाषेची जी क्षेत्रे दाखवली, ती सर्वांत नेमकी एकाच जागी नसतात; माणसागणिक त्यांच्या जागा बदलतात. म्हणून काप घेण्यापूर्वी त्या एका माणसाचा नकाशा काढावा लागतो. त्याच्या रीती अनेक आहेत. फंक्शनल एमआरआयमध्ये रुग्ण शब्द आठवत असताना मेंदूचे कोणते भाग कामाला लागतात ते पाहतात. जून वाडा यांनी १९४९ मध्ये मांडलेल्या चाचणीत मेंदूचा एक अर्धा भाग औषधाने काही मिनिटे निजवून वाचा उरते की जाते ते तपासतात. आणि सर्वांत थेट रीत विद्युत्-उद्दीपनाची. मेंदूच्या पृष्ठभागावर सौम्य विद्युत्प्रवाह देतात आणि त्याच वेळी जाग्या रुग्णाला चित्रे दाखवून नावे विचारतात. ज्या ठिकाणी प्रवाह देताच नाव सुचेनासे होते, ते ठिकाण भाषेचे मानतात आणि त्याच्या सभोवती सुमारे एक सेंटिमीटर जागा शक्यतो राखून ठेवतात. माँट्रियलच्या वाइल्डर पेनफिल्ड यांनी या रीतीचा पाया घातला.

आता प्रश्न असा : नाव कोणत्या भाषेत विचारायचे? ज्या भाषेत विचारले, त्या भाषेचा नकाशा निघतो. जॉर्ज ओजेमन आणि हॅरी व्हिटेकर यांनी १९७८ मध्ये दोन द्विभाषिक रुग्णांची अशी तपासणी प्रसिद्ध केली. काही ठिकाणी प्रवाह दिल्यावर दोन्ही भाषा अडल्या, काही ठिकाणी मात्र एकच भाषा अडली आणि दुसरी चालू राहिली. २००४ मध्ये ओजेमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २५ द्विभाषिक रुग्णांची तुलना ११७ एकभाषिक रुग्णांशी केली, तेव्हाही हेच दिसले : काही जागा दोन्ही भाषांच्या सामाईक, काही एकाच भाषेच्या. याचा अर्थ सरळ आहे. मराठी घरातल्या मुलाची चाचणी केवळ हिंदीत घेतली, तर ज्या जागा केवळ मराठीच्या असतील त्या नकाशावर उमटणारच नाहीत. शल्यविशारद कितीही निष्णात असला तरी नकाशात नसलेली जागा तो कशी राखणार?

यावर जे आक्षेप येतात, त्यांचा क्रमाने विचार करू.

पहिला आक्षेप : बालाघाटमध्ये सर्वांना हिंदी येते. येते, हे खरे. पण येणे वेगळे आणि घडणे वेगळे. त्या मुलाने आईला हाक मारली, झटक्यानंतर शुद्धीवर येताना पहिला शब्द उच्चारला, तो ज्या भाषेत, ती भाषा तपासायची की शाळेत शिकलेली? आमचे उत्तर : दोन्ही. त्याला बाजारात, कचेरीत हिंदी लागणार आहे. घरात मराठी लागणार आहे. यांपैकी एकही भाषा गमावणे त्याला परवडणारे नाही.

दुसरा आक्षेप : हिंदी आणि मराठी बहिणी-बहिणी, एकीची चाचणी दुसरीला पुरते. उलट या सारखेपणामुळेच अधिक काळजी हवी. नाक, कान, हात यांची चित्रे दाखवली तर उत्तर कोणत्या भाषेतले हे कळतच नाही. मांजर, ससा, विहीर, कात्री, फुलपाखरू अशी चित्रे दाखवा. तिथे बिल्ली, खरगोश, कुआँ, कैंची, तितली म्हणणारी हिंदी वेगळी ओळखू येते. आणि भाषा म्हणजे केवळ नावे नव्हेत. मराठीला तीन लिंगे, हिंदीला दोन. हिंदीचे ‘हम’ मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दुभंगते. समोरच्याला धरून की वगळून, हे आपण दर वाक्यात ठरवत असतो. हिंदीच्या चाचणीत या गोष्टी विचारल्याच जात नाहीत, मग त्या शाबूत आहेत की नाहीत हे कळणार कोठून?

तिसरा आक्षेप : आजाऱ्याच्या खाटेपाशी भाषेचे राजकारण कशाला? राजकारण आम्ही आणलेले नाही. न विचारता ‘हिंदी’ लिहिणे हाही एक निर्णयच आहे. तो कोणी घेतला आणि कशावरून, एवढेच आम्ही विचारतो. आणि हे केवळ मराठीपुरते असते तर आमची नियत संशयास्पद ठरली असती. बैहरच्या जंगलपट्ट्यातून येणाऱ्या गोंडीभाषक रुग्णाची चाचणी गोंडीत व्हावी, पोवारी बोलणाऱ्याची पोवारीत व्हावी, असेच आमचे म्हणणे आहे. आमच्यातही जो झाडीबोलीच्या वळणाने ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ म्हणतो, त्याने हिंदीत उत्तर दिले अशी नोंद होऊ नये किंवा पुण्याच्या पुस्तकी मराठीच्या मापाने त्याची चूकही धरली जाऊ नये. प्रमाणभाषेची सक्ती हिंदीच्या सक्तीइतकीच येथे घातक आहे.

कायदा काय सांगतो? घटनेच्या ३५०व्या अनुच्छेदान्वये तक्रारीचे निवेदन संघराज्यात वा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येते. ३५०-क प्राथमिक शिक्षण मातृभाषेत देण्याविषयी सांगतो. मेंदूची तपासणी मातृभाषेत व्हावी असे कोणत्याही अनुच्छेदात शब्दशः लिहिलेले नाही, हे आम्ही लपवत नाही. परंतु समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या २००८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने संमती पुरेशा माहितीवर आधारलेली, खरीखुरी असली पाहिजे असे ठरवले. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्णहक्क सनदेतही रुग्णाला त्याला कळणाऱ्या भाषेत माहिती देण्याचे तत्त्व आहे. ‘आपली चाचणी एकाच भाषेत झाली आहे, दुसरीला धोका किती हे तपासलेले नाही’, ही गोष्ट ज्या संमतीत सांगितलेली नाही, ती संमती पुरेशा माहितीवर आधारलेली कशी म्हणावी?

आता दोष आमचाही सांगतो. आमचीच माणसे विचारण्यापूर्वी हिंदी बोलू लागतात. आणि वाघ नदी ओलांडून गोंदियात, पुढे नागपुरात गेल्यावर आमच्या आधारकार्डावरील ‘मध्य प्रदेश’ वाचून तेथील मराठी डॉक्टरही आमच्याशी हिंदीत बोलतात. दोन मराठी माणसे समोरासमोर बसून एकमेकांशी हिंदी बोलतात आणि कागदावर ‘हिंदी’ लिहिले जाते! सीमेपलीकडील बंधुभगिनींनो, हा रकाना भरणारा हात कित्येकदा तुमचा असतो.

म्हणून मागणे थोडकेच आहे. पहिल्याच भेटीत विचारावे : घरी कोणती भाषा, शाळेत कोणती, स्वप्नात नि रागात कोणती? सर्व उत्तरे लिहावीत. त्या प्रत्येक भाषेत चित्रांची नावे आधी, प्रवाह न देता तपासून घ्यावीत. जी नावे रुग्णाला सहज येतात तीच पुढे वापरावीत. तपासणीच्या वेळी ती बोली जाणणारे माणूस हजर असावे. नातेवाईक नको, कारण ते प्रेमापोटी उत्तर सुचवतात. गोंदिया-भंडारा-नागपुरातील मराठीच्या शिक्षकांना, वाचा-उपचारतज्ज्ञांना हे सहज जमेल.

त्या शेतकरी गृहस्थांना आम्ही एका पानाचे पत्र लिहून दिले. रुग्णालयातील डॉक्टरांनी खळखळ केली नाही. “आम्हाला कोणी सांगितलेच नव्हते,” असे ते म्हणाले. चाचणी मराठीतही पुन्हा घ्यायचे ठरले आहे. ज्यांच्या घरी असा रुग्ण असेल त्यांनी कोणाची वाट न पाहता पहिल्याच दिवशी आपली भाषा सांगावी आणि ती कागदावर लिहिली गेली की नाही, हे उठण्यापूर्वी वाचून पाहावे.