एका गोलाचे ओझे

दिवाळी अंकात फुटबॉलवर लिहू नका, असे मला दोन ठिकाणांहून सांगण्यात आले. एक संपादकांकडून, दुसरे घरातून. संपादकांचे म्हणणे असे की वाचक फराळ करता करता वाचतात, त्यांना खुसखुशीत काहीतरी द्यावे. घरातले म्हणणे असे की भारताच्या फुटबॉलवर तुम्ही बोलू लागलात की पुढचे दोन दिवस तुमचा चेहरा सुतकी असतो, सणासुदीला तो नको. दोन्ही म्हणणी मला मान्य आहेत. पण वर्षभर या सदरातून मी माणसांच्या सवयींवर लिहीत आलो आहे. उसने पुस्तक परत न करण्याची सवय झाली, लग्नाला जेवणाच्या वेळीच पोहोचण्याची झाली. हरण्याची सवय तेवढी राहून गेली आहे, आणि तिचा याहून चांगला नमुना माझ्या माहितीत नाही.

आपला संघ हरला की दुसऱ्या दिवशी कोणीतरी जाणता माणूस चहाचा कप खाली ठेवून सांगतोच, ‘‘अहो, मनोवृत्तीच हरण्याची! मैदानात उतरतात तेच मान खाली घालून.’’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की ते खरे आहे की नाही हे तपासून पाहावे असे एकदा मनात आले. मग निकालांचे कागद काढून बसलो. कागदांत जे दिसले ते वेगळेच होते.

2024 हे संपूर्ण वर्ष भारताने एकही सामना न जिंकता काढले. 11 सामने, विजय शून्य. वर्षाच्या आरंभी आशियाई चषकात तीन सामने झाले, तिन्ही हरलो आणि तिन्हींत मिळून एकही गोल केला नाही. ऑस्ट्रेलियाने 2, उझबेकिस्तानने 3 आणि सीरियाने 1 गोल केला. तेथे समोरचे संघ वरचढ होते, मनोवृत्तीला दोष देण्याचे कारण नाही. पुढचे सामने पाहा. ऑक्टोबरात व्हिएतनामने आधी गोल केला. आपण बरोबरी केली. नोव्हेंबरात हैदराबादला मलेशियाने आधी गोल केला. आपण बरोबरी केली. 2025 च्या सप्टेंबरात मध्य आशियातल्या स्पर्धेत तिसऱ्या क्रमांकासाठी ओमानशी गाठ पडली. ओमान आपल्याहून कितीतरी वरच्या दर्जाचा संघ. त्याने आधी गोल केला. आपण ऐंशीव्या मिनिटाच्या सुमारास बरोबरी केली आणि पेनल्ट्यांवर सामना जिंकला.

आता दुसरी बाजू. 2024 च्या मार्चमध्ये गुवाहाटीला अफगाणिस्तानविरुद्ध सुनील छेत्रीने आपल्या दीडशेव्या सामन्यात पेनल्टीवर गोल केला. आपण पुढे. सत्तराव्या मिनिटाला बरोबरी झाली, अठ्ठ्याऐंशीव्याला आपल्यावर पेनल्टी बसली आणि 1-2 असे घरच्या मैदानावर हरलो. त्याच वर्षी जूनमध्ये दोह्याला कतारविरुद्ध छांगतेने सदतिसाव्या मिनिटाला गोल केला. पुन्हा आपण पुढे. त्र्याहत्तराव्या आणि पंच्याऐंशीव्या मिनिटाला दोन गोल खाल्ले, पुन्हा 1-2.

मान खाली घालून उतरणारा संघ मागे पडल्यावर बरोबरी कशाला करील? आमचा संघ मागे पडला की ताठ उभा राहतो. पुढे गेला की मात्र त्याला कापरे भरते.

ही गोष्ट ज्याला पटत नसेल त्याने 2025 च्या ऑक्टोबरातले पाच दिवस पाहावेत. 9 तारखेला सिंगापुरात सामना. पूर्वार्ध संपता संपता आपल्यावर गोल, उत्तरार्ध सुरू होतो न होतो तोच कर्णधार झिंगनला लाल कार्ड. म्हणजे दहा माणसे, परके मैदान आणि एका गोलाची पिछाडी. असल्या स्थितीत रहीम अलीने नव्वदाव्या मिनिटाला बरोबरी साधली. पाच दिवसांनी, 14 तारखेला, तोच सिंगापूर गोव्यात फातोर्ड्याला आला. आता माणसे अकरा, मैदान आपले, प्रेक्षक आपले.

तो सामना मी घरी पाहिला. दिवाळीला आठवडा होता आणि स्वयंपाकघरात चकल्यांचा घाणा चालू होता. आमचे मेहुणे कोल्हापूरहून आले होते. कोल्हापुरात फुटबॉल तालमींचा. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही नावे तेथे घराण्यासारखी सांगतात, आणि शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठेत दुसरा विषय नसतो. चौदाव्या मिनिटाला छांगतेने लांबून असा काही फटका मारला की मी खुर्चीतून उठलो. आतून झारा हातात घेऊन मंडळी बाहेर आली. मेहुणे तेवढे बसून होते. ते म्हणाले, ‘‘दाजी, उठू नका. आता हे दुकान बंद करत्यात बघा.’’

आणि खरोखरच दुकानाच्या फळ्या लागू लागल्या. आधी जे दोघे बाजूने धावत होते ते आपल्या अर्ध्यात आले. मग मधले मागे आले. मग पुढचाही मागे आला. आता चेंडू अडवला तरी तो द्यायचा कोणाला? पुढे माणूसच नाही. म्हणून तो लांब भिरकवायचा, तो समोरच्यांनी शांतपणे घ्यायचा आणि पुन्हा आपल्या अंगावर यायचे. समुद्राचे पाणी तांब्याने उपसण्याचा हा प्रकार. चव्वेचाळिसाव्या मिनिटाला बरोबरी झाली, अठ्ठावन्नाव्याला सिंगापूर पुढे गेले, आणि 2027 च्या आशियाई चषकाचे दार आपल्यासाठी बंद झाले. मेहुणे चकली मोडत म्हणाले, ‘‘एक गोल झाला न्हवं? मग दुसरा मारायला जायचं, का घरला यायचं?’’ मी त्यांना ताजिकिस्तानचे उदाहरण दिले. ऑगस्टमध्ये त्यांच्याच मैदानावर आपण 2-1 जिंकलो होतो, आणि आघाडी सांभाळूनच जिंकलो होतो. ‘‘ती सांभाळली गुरप्रीतनं,’’ ते म्हणाले. ‘‘त्यानं पेनल्टी अडवली म्हणून.’’ यावर मला उत्तर नव्हते.

असे का होत असावे? माझी समजूत अशी. ज्या घरात दागिना पिढीत एकदा होतो, तो दागिना अंगावर घालून कोणी मोकळेपणी चालत नाही. एक हात सतत गळ्याशी. आमच्या संघाला गोल मिळतो तो असा क्वचित मिळतो, की मिळाल्याक्षणी सारा संघ गळ्याशी हात नेतो. दुसरा गोल होईल हा विचारच त्याच्या मनाला शिवत नाही, कारण अनुभव तसा नाही. वीस वर्षे गोल करण्याचे काम प्रामुख्याने एका माणसाकडे होते. छेत्री 2005 मध्ये संघात आला, 2024 च्या जूनमध्ये कोलकात्याला डोळे पुसत निवृत्त झाला, आणि नऊ महिन्यांनी त्याला परत बोलावले. तेव्हा तो चाळीस वर्षांचा होता. परत येऊन पहिल्याच सामन्यात मालदीवविरुद्ध त्याने गोलही केला, त्याचा पंच्याण्णवावा. माझा त्याच्यावर राग नाही, उलट लोभ आहे. पण पेन्शनीत निघालेल्या हेडक्लार्कला जुन्या फायली सापडेनात म्हणून पुन्हा कचेरीत बोलवावे, तेव्हा दोष हेडक्लार्कचा नसतो.

फायली का सापडत नाहीत तेही सांगतो. आमच्या लीगमध्ये क्लब लाखो रुपये मोजून गोल करणारा माणूस परदेशातून आणतात. त्यांनाही सामने जिंकायचे असतात, त्यांचे चुकते असे नाही. पण त्यामुळे भारतीय पोरगा बाजूला धावतो, चेंडू मध्ये पोचवतो आणि टाळ्या वाजवायला उभा राहतो. नव्वद मिनिटांत जो क्षण सर्वांत अवघड, त्या क्षणी चेंडू दर आठवड्याला दुसऱ्याच्या पायात. मग देशासाठी खेळताना तो क्षण एकाएकी याच्या पायात येतो आणि पाय जड होतो. त्यात 2025 च्या सप्टेंबरात लीग ठरल्या वेळी सुरूच झाली नाही. महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्या कराराचे घोंगडे भिजत पडले, काही क्लबांनी पगार थांबवले. खालिद जमील हा बऱ्याच वर्षांनी लाभलेला भारतीय प्रशिक्षक. त्याच्या हाती जो संघ आला त्यातल्या कित्येकांना आपला पुढला सामना कधी हेच ठाऊक नव्हते.

हे दुखणे आजचे नाही हेही कबूल केले पाहिजे. सुवर्णयुगाच्या आठवणी काढताना आम्ही सोयीस्कर विसरतो की 1956 साली मेलबर्न ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध आधी गोल भारतानेच केला होता. करणारा नेव्हिल डिसूझा, मूळचा गोव्याचा, मुंबईत खेळलेला. त्याने आधीच्या सामन्यात ऑस्ट्रेलियाला तीन गोल मारले होते. युगोस्लाव्हियाविरुद्धचा सामना शेवटी 1-4 हरलो. 1960 साली रोम ऑलिंपिकमध्ये प्रदीपकुमार बॅनर्जींनी फ्रान्सविरुद्ध गोल केला, आणि आठ-दहा मिनिटे उरली असता फ्रान्सने बरोबरी केली.

पण मग 1962 चे जाकार्ता येते, आणि तेथे मला थांबावेसे वाटते. त्या आशियाई स्पर्धेतला पहिलाच सामना भारत दक्षिण कोरियाशी 0-2 हरला होता. पुढे थायलंड आणि जपान यांना हरवले. थायलंडविरुद्ध जर्नेलसिंगच्या डोक्याला जबर मार बसून टाके पडले. जर्नेल म्हणजे बचावफळीचा कणा. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे हैदराबादचे शाळामास्तर, आणि कर्करोगाने पोखरलेले. आपला सर्वांत भक्कम बचावपटू जायबंदी झालेला, तेव्हा दुसऱ्या कोणी त्याला बसवला असता. रहीमसाहेबांनी त्याला आघाडीला पाठवले! उपांत्य सामन्यात त्याने गोल केला. अंतिम सामना पुन्हा त्याच कोरियाशी. प्रेक्षक लाखाच्या आसपास आणि राजकारणाच्या एका वादापायी सगळे भारतावर खवळलेले. गोलरक्षक थंगराज तापातून उठून उभा. सतराव्या मिनिटाला बॅनर्जींनी गोल केला. आता खरी परीक्षा होती. भारत एका गोलाने पुढे आहे, गर्दी हुर्यो करते आहे, आणि मागे येऊन दार लावून घ्यावे असे कोणालाही वाटावे. तीन मिनिटांनी जर्नेलसिंगने, टाके पडलेल्या त्या डोक्यासह, दुसरा गोल केला. कोरियाचा गोल झाला तो पंच्याऐंशीव्या मिनिटाला, आणि तोवर त्याला फार किंमत उरली नव्हती. त्या अकरांत गोव्याचा फोर्तुनातो फ्रँकोही होता. रहीमसाहेब पुढच्या जूनमध्ये गेले.

ती तीन मिनिटे मी कधी पाहिली नाहीत, वाचलेली आहेत. पण भारत पुढे गेला की आजही मी घड्याळाकडे बघतो ते त्यांच्यासाठी.

खेळाडूंवर एवढे बोलल्यावर आपल्या स्वतःवरही थोडे बोलावे. 2018 च्या 1 जूनला अंधेरीच्या मैदानावर भारताने चिनी तैपेईला पाच गोलांनी हरवले. प्रेक्षक किती? 2569. दीड कोटींच्या शहरात! छेत्रीने हात जोडून लोकांना विनंती केली की या, शिव्या द्यायला का होईना पण या. तीन दिवसांनी केनियाशी सामना झाला तेव्हा धो धो पाऊस होता आणि मैदान भरले होते. मी छत्री मिटून भिजत उभा होतो, कारण छत्री उघडली तर मागचे ओरडत. आम्ही 3-0 जिंकलो. त्या गर्दीतले किती जण पुढे आले देव जाणे. बाकीच्यांनी एक शब्द शोधून काढला आहे, ‘बिचारे’. चांगले खेळले बिचारे, नशीब नव्हते बिचाऱ्यांचे. दोह्याला कतारचा पहिला गोल चेंडू रेषेबाहेर गेल्यावर ओढून आणून केलेला होता. तो शुद्ध अन्याय होता, आणि त्यावर आम्ही महिनाभर जेवलो. पंच्याऐंशीव्या मिनिटाचा दुसरा गोल मात्र रीतसर होता. त्याविषयी आमच्या चाळीत मी एकाही तोंडून चकार शब्द ऐकला नाही.

2025 च्या नोव्हेंबरात ढाक्याला बांगलादेशाने आपल्याला 1-0 हरवले. 2003 नंतर प्रथमच. गोल अकराव्या-बाराव्या मिनिटाला झाला होता. बरोबरीला सव्वा तासाहून अधिक वेळ होता. त्या दिवशी माझा वर मांडलेला सिद्धान्तही कामी आला नाही, आणि जागतिक क्रमवारीत आपण 142 वर घसरलो. 2023 च्या जुलैमध्ये 99 वर होतो.

मेहुणे अजून आमच्याकडेच होते तेव्हाची गोष्ट. संध्याकाळी आम्ही दोघे गॅलरीत उभे होतो. खाली पटांगणात पोरे खेळत होती, दोन दप्तरांचा गोल करून. एकाने गोल केला आणि लगेच ओरडला, ‘‘मागे या रे सगळे, मागे या!’’

मी वरून विचारले, ‘‘का रे? मागे का?’’

‘‘काका, लीड आहे ना आता. सांभाळायचं.’’

‘‘कोणी सांगितलं?’’

‘‘सगळे तसंच करतात. टीव्हीवर बघा ना.’’

पोरगा नऊ वर्षांचा असेल. मी काही बोलणार तोच मेहुण्यांनी कठड्यावरून निम्मे अंग बाहेर काढले आणि शाहू स्टेडियमवर द्यावी तशी हाक दिली, ‘‘आरं, वर जावा की वर! परत मारा!’’ पोरे दचकली, मग हसली. त्यातली दोघे पुढे पळाली, बाकीची तिथेच घुटमळली. पुढे काय झाले ते आम्हाला दिसले नाही, कारण चेंडू वॉचमनच्या खोलीमागे गेला होता आणि सगळा घोळका त्याच्या मागे.