इथवर!

आमच्या ह्यांनी आयुष्यात पहिल्यांदा एका झटक्यात वीस लाख काढले, ते व्हिएतनाममधल्या दानांगच्या विमानतळावरच्या एटीएममधून. तेहतीस वर्षं बँकेत काढलेला माणूस. पाच-पाच लाख डोंगांच्या चारच नोटा आल्या, तरी त्या दोनदा मोजल्या. इकडेतिकडे बघत सॅकच्या आतल्या कप्प्यात सारल्या आणि खालच्या आवाजात म्हणाले, “अगं, हे आपले सात हजारसुद्धा नाहीत.” लक्षाधीशपण अर्धं मिनिट टिकलं.

सॅका लेकीच्या. “आई, ट्रॉलीबॅग घेऊन कुणी बॅकपॅकिंगला जातं का?” असं म्हणून तिनं आपल्या ट्रेकच्या दोन सॅका आमच्या पाठीवर चढवल्या. एकीच्या तळाला हरिश्चंद्रगडाची माती अजून होती. माझी सॅक निम्मी भडंगानं भरलेली. सांगलीकर घरातून निघताना चष्मा विसरेल, भडंग विसरणार नाही. सॅक फुगून टम्म आणि वजन काहीच नाही, त्यामुळे मी एव्हरेस्टवरून उतरल्याच्या थाटात चालत होते. ह्यांच्या सॅकमध्ये गोळ्या, चार्जर आणि पोपटी नायलॉनच्या दोरीचं भलंमोठं भेंडोळं. “दोरी कशाला हो?” “असू दे. लागते.”

ओळखीतली मंडळी सात दिवसांत तीन देश करून येतात. आम्ही गेल्या मार्चमध्ये नऊ दिवसांत एक गाव केलं, होई आन. त्याचा जुना भाग या टोकापासून त्या टोकापर्यंत रमतगमत चाललं तरी अर्ध्या तासात संपतो. “नऊ दिवस करणार काय तिथं?” हे निघण्याआधी सगळ्यांनी विचारलं, आणि खरं सांगायचं तर विमानात मीही ह्यांना विचारलं.

होई आनला विमानतळ नाही, रेल्वे स्टेशनही नाही. दानांगहून टॅक्सीनं तीसेक किलोमीटर जायचं. थू बोन नदी समुद्राला मिळते, त्याच्या जरा अलीकडे हे गाव आहे. सोळाव्या-सतराव्या शतकात इथं जपानी आणि चिनी व्यापाऱ्यांच्या पेठा होत्या, पोर्तुगीज आणि डचही आले. युरोपातले लोक गावाला फायफो म्हणत. पुढे नदीच्या मुखाशी गाळ साठत गेला, मोठी जहाजं आत येईनात, फ्रेंचांनी दानांगला जवळ केलं आणि होई आन मागं पडलं. आपल्या राजापूरच्या खाडीचं झालं तेच. मागं पडलेल्या गावात जुनं पाडून नवं बांधायला कुणाकडे पैसा नसतो, म्हणून घरं तशीच राहिली. १९९९ मध्ये युनेस्कोनं गावाला जागतिक वारसा ठरवलं. भिंती सगळ्या पिवळ्या. प्रवासाच्या पुस्तकांत त्या रंगाला सोनेरी म्हणतात. मी सांगलीची, मला ती हळद दिसली.

उतरलो ते जुन्या गावाच्या कडेला, एका बाईंच्या घरातल्या वरच्या खोलीत. बाई पासपोर्ट बघायच्या आधी मोबाइलपाशी काहीतरी पुटपुटल्या आणि मोबाइलनं आम्हाला विचारलं, “तुमचं वय काय?” ह्यांना ती चौकशी उद्धट वाटली. पण व्हिएतनामी बोलण्यात ‘मी’ आणि ‘तू’ असं सहसा सरळ येत नाही. समोरचा थोरला की धाकटा हे कळल्याशिवाय वाक्यच धड सुरू होत नाही. थोरल्या बहिणीला ‘ची’ म्हणायचं, धाकटं भावंड, भाऊ असो की बहीण, ते ‘एम’. बाई ६३ वर्षांच्या, मी ५७ ची, म्हणजे मी एम. हे ६१ चे, म्हणजे हेही एम. लग्नापासून घरातलं थोरलेपण सांभाळणारा माणूस एका मिनिटात धाकटा झाला. मी बाईंना ‘चीताई’ म्हणू लागले, म्हणजे ताईताई.

दोघंही शाकाहारी, त्यामुळे मी ‘आन चाय’ हे दोन शब्द घरूनच पाठ करून नेले होते. अर्थ शाकाहार करणं. ह्यांच्या तोंडी ते “आण चाय!” असं, शाखेतल्या शिपायाला फर्मावल्यासारखं यायचं आणि समोर टोफू-भात यायचा. तिथले पुष्कळ बौद्ध चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांस-मासळी टाळतात, त्यामुळे ‘चाय’ची पाटी शोधत फार हिंडावं लागत नाही. गावचा मानाचा पदार्थ काव लाउ, जाड शेवयांचा. त्या शेवयांना बा ले नावाच्या जुन्या विहिरीचंच पाणी लागतं, असं गावकरी छातीठोक सांगतात. आम्ही त्याची बिनमांसाची आवृत्ती खाल्ली. पाण्याचा फरक कळला नाही, पण छातीठोकपणा ओळखीचा वाटला.

खरी परीक्षा बसण्याची. रस्त्याकडेला कॉफी प्यायची तर बालवाडीतल्यासारख्या वीतभर उंचीच्या प्लास्टिकच्या स्टुलांवर. पेल्यावर छोटी गाळणी ठेवलेली असते, तिच्यातून दाट कॉफी थेंबाथेंबानं खालच्या आटवलेल्या गोड दुधावर पडते. तेवढ्या वेळात ह्यांचे गुडघे लॉक. उठताना ह्यांनी टेबल धरायचं, मी ह्यांना धरायचं, आणि टेबलही प्लास्टिकचंच. चौथ्या दिवशी कॉफीवाल्यानं न सांगता आतून एक उंच लाकडी खुर्ची आणून ठेवली. नऊ दिवस काय करणार, याचं उत्तर त्या खुर्चीनं दिलं. सात दिवसांत तीन देश करणाऱ्याला कॉफी मिळते, खुर्ची मिळत नाही.

पाचव्या दिवशी शिंप्याकडे गेलो. इथं गल्लोगल्ली शिंपी आहेत आणि आज माप दिलं की उद्या कपडा तयार. माप घेणारी मुलगी टेपवरचा आकडा मोठ्यानं सांगायची आणि आतल्या खोलीतली तिची बहीण तो वहीत लिहायची. ह्यांच्या पोटाचा आकडा सांगितल्यावर आतून पुन्हा विचारणा झाली. मुलीनं पुन्हा मोजलं, तोच आकडा पुन्हा सांगितला, या वेळी अधिक मोठ्यानं. हे भिंतीवरच्या पालीकडे बघत उभे राहिले. शर्ट मात्र असा बसला की आमच्या गावभागातल्या शिंप्याला दाखवायची सोय राहिली नाही.

गावाची खूण म्हणजे जपानी पूल. १५९३ च्या सुमारास बांधायला घेतलेला, छपराचा, जेमतेम अठरा मीटरचा. वीस हजार डोंगांच्या निळ्या नोटेवर तो छापलेला आहे, म्हणजे आपल्या सत्तरेक रुपयांत पूल खिशात. त्याची एक गोष्ट सांगतात. जमिनीखाली एक प्रचंड राक्षसी जीव पसरला आहे. डोकं भारतात, शेपूट जपानात आणि पाठ होई आनच्या खाली. तो वळवळला की भूकंप आणि पूर येतात, म्हणून त्याच्या पाठीत तलवार खुपसावी तसा हा पूल बांधला. हे नोट आणि पूल आळीपाळीनं बघत म्हणाले, “डोकं आपल्याकडे होय? तरीच सगळा ताप आपल्याला.”

मग गेलो ‘मी सॉन’ला. गावापासून चाळीसेक किलोमीटरवर, डोंगरांच्या कुशीत चाम राजांची विटांची शिवमंदिरं. चौथ्या शतकात भद्रवर्मा राजानं इथं भद्रेश्वराची स्थापना केली. शिलालेखांत संस्कृत आहे. १९६९ मध्ये अमेरिकी बॉम्बनी बरंच उद्ध्वस्त केलं, खड्डे अजून दिसतात. अलीकडे आपल्या पुरातत्त्व खात्यानं काही मंदिरांची दुरुस्ती केली, आणि त्या कामात २०२० मध्ये एक अखंड वालुकाश्माचं शिवलिंग सापडलं. ह्यांनी चपला काढल्या. मग मीही काढल्या. उन्हानं फरशी अशी तापली होती की भक्ती दीड मिनिटात उरकावी लागली.

तेरा मार्चला आपल्याकडे होळी होती. तिथं चांद्र महिन्याचा चौदावा दिवस, म्हणजे कंदिलांची रात्र. जुन्या गावातले विजेचे दिवे मंदावतात, रेशमी कंदील उजळतात आणि लोक कागदी दिवे नदीत सोडतात. बघायला सुंदर, गर्दी मात्र तुळशीबागेतली. आम्ही दोन दिवे सोडले. ह्यांचा सरळ गेला, माझा काठाला अडकला. “घरी पोळी करायला कुणी नाही, म्हणून रुसलाय,” असं हे म्हणाले, आणि उरलेली संध्याकाळ मी ह्यांच्याशी अबोला धरला.

तो चीताईंच्या स्वयंपाकघरात सुटला. भडंगाची एक पिशवी द्यायला म्हणून मी खाली गेले, तर फ्रिजच्या मागच्या भिंतीवर तीन रेषा आणि शेजारी साल. २०१७, तिच्या वर १९९९, आणि सगळ्यांत वर, माझ्या डोक्याच्याही वर, १९६४. विचारावं लागलं नाही. अशा रेषा मी जन्मभर पाहते आहे. चीताईंनी वरच्या रेषेकडे हात केला, मग दोन्ही हातांत लहान मूल धरून डोक्यावर उचलल्यासारखं केलं आणि स्वतःकडे बोट दाखवलं. १९६४ च्या पुरात त्यांना असं माळ्यावर चढवलं होतं.

मी माझ्या हनुवटीला हात लावला आणि म्हणाले, “सांगली. २०१९. इथवर!”

“इथवर,” चीताई म्हणाल्या. इतक्या स्वच्छ उच्चारात की हे जिन्यावरून धावत खाली आले. मग ह्यांनी बिलाच्या पाठीवर आमच्या नदीवरचा आयर्विन पूल काढला आणि शेजारी २०१९ च्या पाण्याचा, ५७ फूट असा आकडा टाकला. चीताईंनी त्याला आपली नदी जोडली. घरात पाणी शिरताना आधी काय वर न्यायचं यावर आमची तासभर चर्चा झाली, मोबाइलला न विचारता. त्यांच्याकडे आधी पूर्वजांचा देव्हारा, मग तांदूळ, मग गाद्या. आमच्याकडे आधी देव, मग गहू, मग गाद्या. ह्यांनी गॅस सिलिंडरचा मुद्दा मांडला, तो दोन्ही देशांना मान्य झाला.

तिथल्या जुन्या घरांत वरच्या मजल्याच्या जमिनीत एक चौकोनी झडप असते. पूर आला की खालचं सामान दोरीनं तिथून वर ओढतात. चीताईंनी आपली झडप दाखवली. खाली लोंबणारी सुंभाची दोरी जीर्ण झाली होती. हे काही न बोलता वर गेले आणि पोपटी दोरी घेऊन आले. चीताईंनी ती बोटांत पिळून पाहिली, दोनदा हिसका दिला आणि मान हलवली. विश्वास ठेवा, आपल्याकडच्या पूरवाल्या बायका याहून वेगळी मान हलवत नाहीत.

गेल्या ऑक्टोबरच्या शेवटी मध्य व्हिएतनाममध्ये पावसानं कहर केला आणि होई आनचं जुनं गाव पाण्यात गेलं. बातमी वाचल्यावर मी फोन केले, निरोप टाकले. पाचव्या दिवशी उत्तर आलं. मजकूर नाही, दोन फोटो. पहिल्यात फ्रिजच्या मागची भिंत, ओली, आणि १९६४ च्या किंचित वर खडूनं ओढलेली नवी रेष. दुसऱ्यात वरच्या मजल्यावर तांदळाचं पोतं, देव्हारा, गाद्या, आणि झडपेतून खाली गेलेली पोपटी दोरी. मी फोटो ह्यांच्यापुढे धरला. हे काही बोलले नाहीत. ‘म्हटलं होतं ना’ म्हणायची एवढी मोठी संधी ह्या माणसानं सोडल्याचं मला आठवत नाही.

भिंत आता वाळली आहे आणि वरची खोली पुन्हा पाहुण्यांना मिळते. आम्ही मार्चची तिकिटं काढली आहेत. या वेळी भडंग दुप्पट आणि दोऱ्या दोन.