पहिली पाच मिनिटे

अनंत चतुर्दशीच्या रात्री राजवाड्यापुढून झाँक्या जातात. गिरण्यांचे भोंगे थांबून वर्षे लोटली, तरी कामगारांनी ही परंपरा सोडलेली नाही. आणि झाँक्यांबरोबर शहरातले आखाडेही निघतात. लाठी-पट्टा फिरविणारी कोवळी पोरे रात्रभर आपले कसब दाखवीत चालतात. 1945-46 ते 1952-53 या काळात चार वेळा रणजी करंडक जिंकणाऱ्या होळकर संघाची ही नगरी. कर्नल नायडू, मुश्ताक अली यांची नावे येथे अजून घरच्या माणसांसारखी घेतली जातात. व्यायामाचे कौतुक आम्हां इंदूरकरांना उपजतच आहे. म्हणूनच आज एक अप्रिय गोष्ट बोलावयाची आहे. खेळता खेळता तरुण माणसाचे हृदय एकाएकी थांबले, तर काय करावे हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

ही भीती काल्पनिक नव्हे. 5 डिसेंबर 2004 रोजी बंगळूर येथे फेडरेशन करंडकाच्या अंतिम सामन्यात गोव्याच्या डेम्पो संघाकडून खेळणारा ब्राझीलचा क्रिस्टियानो ज्युनियर याने मोहन बागानवर दोन गोल केले. दुसरा गोल करताना गोलरक्षकाशी टक्कर झाली आणि तो कोसळला. पुन्हा उठला नाही. डेम्पोने करंडक जिंकला, पण माणूस गमावला. पुढे मार्च 2012 मध्ये त्याच शहरात स्थानिक सामन्यात दुसरा एक खेळाडू पडला. मैदानावर रुग्णवाहिका नव्हती. त्याला ऑटोरिक्षातून न्यावे लागले, आणि तो वाचला नाही. याउलट 12 जून 2021 रोजी कोपनहेगनला डेन्मार्कचा ख्रिस्तियन एरिक्सन भर सामन्यात निपचित पडला. मैदानावरच त्याची छाती दाबण्यात आली, विद्युतधक्का देण्यात आला, आणि आठ महिन्यांनी तो पुन्हा मैदानात उतरला. तेथे सिद्धता आधीपासून होती, हे आपण ध्यानात घ्यावे.

पोलादी अंगाचा गडी असा कसा जातो, असे लोक विचारतात. वयस्कांच्या झटक्यात बहुधा रक्तवाहिनी तुंबते. तरुण खेळाडूत दोष पुष्कळदा जन्मजात व दडलेला असतो: हृदयाचा स्नायू जाड असणे, रक्तवाहिनी भलत्या ठिकाणाहून निघणे, किंवा ठोक्यांच्या विद्युत्‌प्रवाहातच खोट असणे. कधी तापानंतर स्नायूला सूज येते. कधी छातीवर नेमक्या क्षणी बसलेला चेंडूही पुरतो. मग हृदय आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरते आणि मेंदूला रक्त मिळत नाही. कट्ट्यावर लसीला दोष देणारे बरेच भेटतात. परंतु भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2023 सालच्या अभ्यासात लसीमुळे धोका वाढल्याचे आढळले नाही. घराण्यातील आकस्मिक मृत्यू, एका बैठकीतील अतिमद्यपान आणि आदल्या दोन दिवसांतील अतिश्रम यांचा संबंध मात्र दिसला.

देह पुष्कळदा आधी सूचना देतो. धावताना घेरी येऊन पडणे, श्रमात छातीत दुखणे, विनाकारण धडधड, बरोबरीच्या मुलांपेक्षा फार लवकर दम लागणे, ही लक्षणे ‘अशक्तपणा’ म्हणून उडवून लावू नयेत. घरात कोणी तरुणपणी अचानक गेले असेल, तर वस्तादांना आणि डॉक्टरांना ते सांगावे. त्यात लाज कसली? अंगात ताप असताना जोर-बैठका मारणे मर्दुमकी नव्हे. इटलीने 1982 पासून स्पर्धेतील खेळाडूंची तपासणी सक्तीची केली, व त्यात हृदयाचा विद्युत्‌आलेखही घेतला जातो. तेथील व्हेनेटो प्रांतात 1979 ते 2004 या काळात अशा खेळाडूंचे आकस्मिक मृत्यू 89 टक्क्यांनी घटले. आलेखात सारेच दोष दिसत नाहीत, हे खरे. तथापि पुष्कळ दिसतात.

आणि तरीही कोणी पडलाच तर? आपल्याकडे गर्दी भोवती जमते. एकजण तोंडात पाणी घालतो, दुसरा तळपाय चोळतो, आणि अंगाला झटके आले की फेफरे समजून तिसरा कांदा हुंगवितो. तोवर अमोल मिनिटे जातात. छाती न दाबता गेलेल्या प्रत्येक मिनिटागणिक वाचण्याची आशा सुमारे सात ते दहा टक्क्यांनी घटते. हाक मारून उत्तर नाही आणि श्वास नीट नाही, एवढे पुरे. अधूनमधून येणारे आचके हा श्वास नव्हे. एकाने 108 किंवा 112 ला फोन करावा, दुसऱ्याने यंत्र आणावयास धावावे, तिसऱ्याने छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी दाब द्यावा: मिनिटाला 100 ते 120 वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल, मदत येईपर्यंत. विद्युतधक्क्याचे यंत्र काय करावे ते स्वतःच बोलून सांगते, आणि गरज नसेल तर धक्का देत नाही. त्याला भिण्याचे कारण नाही.

राजवाड्याच्या गल्ल्यांतून ऐन गर्दीत रुग्णवाहिका पाच मिनिटांत येईल, अशी ग्वाही कोण देईल? तेव्हा ही पहिली मिनिटे तेथे असलेल्यांचीच. आमची सूचना साधी आहे. प्रत्येक आखाड्याने, क्रीडामंडळाने व ढोलपथकाने वर्षातून एक सकाळ या शिक्षणासाठी द्यावी. झाँक्यांच्या रात्री व रंगपंचमीच्या गेरीला शिकलेली माणसे नेमून ठेवावीत. सराफा मध्यरात्रीपर्यंत जागा असतो. तेव्हा राजवाड्याजवळ एक यंत्र असे ठेवावे की ज्याला कुलूप नसेल. गणपतीच्या कमानीला लागणाऱ्या वर्गणीतला थोडा वाटा इकडे वळला, तर बाप्पा रागावणार नाहीत.

मुलाला तालमीत धाडताना आई वस्तादांना म्हणते, ‘लक्ष असू द्या.’ त्या शब्दांत आता एवढेही शिक्षण यावे, इतकेच आमचे मागणे.