उन्हाळी लागणे ही लाजेची गोष्ट नव्हे

मूग, उडीद, सोयाबीनची खुरपणी सुरू झाली की आपल्या भागातील बाया सकाळीच भाकरी बांधून रानात जातात, त्या दिवस मावळताना परततात. इतक्या वेळात त्या किती पाणी पितात, हे कोणी विचारीत नाही. पुष्कळजणी मुद्दामच पीत नाहीत. पाणी प्यायले तर लघवीला जावे लागेल, आणि जायचे कोठे? तूर डोक्याएवढी वाढली म्हणजे आडोसा होतो. मुगाच्या रानात तो नसतो, आणि पलीकडच्या बांधावर पुरुषमाणसे असतात. म्हणून बाई तहान मारते व लघवी दाबून धरते.

आमच्या मते हा दोष त्या बाईचा नव्हे, रानमालकाचा आहे. मग तो परका असो की तिचा स्वतःचा नवरा.

लघवी वेळच्या वेळी झाली की मूत्राशयातील जंतू धुऊन जातात. ती तासन्‌तास अडली की ते वाढतात. स्त्रियांची मूत्रनलिका सुमारे 4 सेंटिमीटर, पुरुषांची सुमारे 20. म्हणून जंतू स्त्रियांच्या मूत्राशयात लवकर पोहोचतात. मग जळजळ होते, घडीघडी लघवीला लागते, ओटीपोट दुखते. आपण यालाच उन्हाळी लागणे म्हणतो. पाणी कमी पिणाऱ्या पुरुषांनाही मुतखडा होतो, हे त्यांनीही ध्यानात ठेवावे.

दुखणे साधे, पण लाजेपायी ते महिनोन्‌महिने झाकले जाते, आणि शेवटी सोसवेना झाले की बाई भलत्याच दारात जाते. 2015 साली आपल्याच कलबुरगी जिल्ह्यात काय उघडकीस आले, ते विसरता कामा नये. पोटदुखी, कंबरदुखी, अंगावरून पांढरे जाणे अशा तक्रारी घेऊन गेलेल्या तांड्यांवरील कित्येक गरीब बायांच्या पिशव्या खासगी दवाखान्यांत गरज नसताना काढल्या गेल्या. त्यांत चाळिशीच्या आतल्या पुष्कळ होत्या. बीड जिल्ह्यात 2019 साली महाराष्ट्र सरकारच्या समितीने 82,309 ऊसतोड बायांची पाहणी केली, तेव्हा 13,861 जणींची पिशवी काढलेली आढळली.

पिशवी काढणे काही वेळा खरोखर गरजेचे असते, हे आम्ही नाकारीत नाही. पण पिशवी काढल्याने लघवीतील जंतू जात नाहीत. ओटीपोट दुखते म्हणून कोणी ऑपरेशन सुचविले, तर आधी लघवी तपासून घ्यावी आणि सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे. तपासणी साधी आहे. औषध दिले तर बरे वाटताच सोडू नये. सांगितले तितके दिवस पुरे घ्यावे. धन्याचे पाणी, सातूचे पाणी खुशाल प्यावे, पण त्यावर विसंबून राहू नये. थंडी वाजून ताप आला, पाठीत बरगडीखाली दुखू लागले किंवा लघवीतून रक्त गेले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. गरोदर बाईने तर जळजळ मुळीच अंगावर काढू नये. त्यापायी दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचा धोका असतो.

आता रानमालकांना आमचे सांगणे. चार मेढी रोवाव्यात, त्यांना जुनी ताडपत्री किंवा पोती बांधावीत, आत एक घागर पाणी ठेवावे. अर्ध्या दिवसाचे काम आहे. प्यायचे पाणीही बाया खुरपतात तिथे जवळ असावे. लघवी फिक्या रंगाची होईल इतके पाणी दिवसभरात पोटात गेले पाहिजे.

बैलाने पाणी सोडले तर आपण त्याच सांजेला गुरांच्या डॉक्टरांकडे धावतो. घरच्या लक्ष्मीला निदान जळजळ होते का, एवढे तरी आज विचारावे. आणि या खुरपणीपूर्वी आपल्या बांधावर आडोसा उभा करावा.