दोन उद्याने, दोन पाषाणगज

कोलाड परिसरातील रहिवाशांना पाषाणातला हत्ती अपरिचित नाही. जवळच्या कुडा लेण्यांत एका लेण्याच्या दर्शनी भागी तो कोरलेला आहे. मात्र याच कोकण किनाऱ्यावरील दुसऱ्या एका हत्तीची कथा विलक्षण आहे आणि ती जाणून घेण्यासाठी मुंबईत भायखळ्यास जावे लागते.

घारापुरी बेटावर एकसंध दगडातला भव्य हत्ती उभा होता. पोर्तुगीजांनी त्याच्यावरूनच बेटाला ‘एलिफंटा’ हे नाव दिले. १८१४ मध्ये त्याचे मस्तक गळून पडले. १८६४ मध्ये त्यास इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला. परंतु उचलताना तो कोसळला व त्याचे तुकडे झाले. भंगला म्हणूनच तो या भूमीवर उरला. ते तुकडे राणीच्या बागेत आणले गेले आणि १९१४ मध्ये पुन्हा जोडले गेले. आज तो जिजामाता उद्यानाच्या आवारात, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळ उभा आहे. १८७२ मध्ये खुल्या झालेल्या या संग्रहालयाची वास्तू युरोपातील प्रबोधनकालीन शैलीची आठवण करून देते. १९६५ मध्ये फोर्ट भागातून हलवलेला ‘काळा घोडा’ही याच आवारात आहे.

त्या प्रबोधनकाळातच, सोळाव्या शतकात, इटलीतील बोमार्झो येथे विचिनो ओर्सिनी या सरदाराने एक अद्भुत शिल्पवन घडविले. तेथे आ वासलेल्या राक्षसमुखात शिरले की आत दगडी मेज व आसने दिसतात. एक घर मुद्दामच कललेले आहे. पाठीवर बुरूज आणि सोंडेत सैनिक घेतलेला हत्तीही तेथे आहे. पुढे कित्येक पिढ्या हे वन झाडाझुडपांत हरवले होते. विसाव्या शतकात एका कुटुंबाने ते विकत घेऊन स्वच्छ केले, तेव्हा ती शिल्पे पुन्हा लोकांसमोर आली.

एक हत्ती दुर्लक्षात हरवला, दुसरा हावेपायी भंगला. दोघांनाही पुढच्या पिढीच्या कष्टांनी नवे आयुष्य दिले. ज्यांनी घारापुरीचा हत्ती मूळचा कोरला, त्या शिल्पींची नावे कोणासही ठाऊक नाहीत. जपणूक तेवढी आपल्या हाती आहे.

सुट्टीत मुंबईस जाणाऱ्या कुटुंबांनी बुधवार टाळून तेथे अवश्य जावे. पिंजऱ्यांकडे धावणाऱ्या मुलांना घटकाभर या हत्तीपाशी थांबवावे, त्याच्या अंगावरचे सांधे शोधावयास सांगावे आणि मग त्याची कथा सांगावी. पुढच्या वेळी कुड्याच्या लेण्यांत गेल्यावर ती मुले दगडावर आपले नाव कोरणार नाहीत.