दिवाळं निघालं, पोटगी उरली

धंदा बसला की कट्ट्यावर ठरलेला सल्ला मिळतो: फ्लॅट बायकोच्या नावावर कर, वेळ पडली तर कागदोपत्री घटस्फोट घे, मग कोर्टात नादारी जाहीर कर. बँक, पोटगी, आयकर, सगळ्यांतून मोकळा! सल्ला फुकट असतो, एवढीच त्याची जमेची बाजू.

मुंबईत १९०९ चा आणि उरलेल्या महाराष्ट्रात १९२० चा नादारी कायदा चालतो. दुसऱ्याच्या मूळ मजकुरात पाचशे रुपयांच्या कर्जावरही ऋणकोला अर्ज करता येतो, इतका तो जुना. पण नादार कर्जातून मुक्त झाला तरी सरकारी देणे माफ नाही आणि फौजदारी कोर्टाने ठरवलेली पोटगीही नाही, हे या दोन्ही कायद्यांनी तेव्हाच लिहून ठेवले. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेनेही पोटगीला माफीबाहेरच ठेवले.

बायकोच्या नावावरचा फ्लॅट? बक्षीसपत्रानंतर दोन वर्षांत नवरा नादार ठरला, तर जुन्या कायद्यांनुसार ते बक्षीसपत्र टिकत नाही. १९६१ च्या आयकर कायद्याने तर १ जून १९७३ पासून पुरेशा मोबदल्याविना पत्नीला किंवा सुनेला दिलेली मालमत्ता वसुलीसाठी थकबाकीदाराचीच धरली. सुनेचाही विचार करणाऱ्याला ही पळवाट आधीच ठाऊक असणार.

धनकोंची बाजू मांडणारे याउलट म्हणतात की पोटगी आधी दिली तर बँकांवर अन्याय होतो. हेही पटत नाही. बँक जोखीम तोलून, तारण घेऊन कर्ज देते. पोराने बापाशी असा कुठलाच करार केलेला नसतो. डिसेंबर २०२४ मध्ये हिऱ्यांचा कारखाना असलेल्या एका पतीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पोटगीचा हक्क धनकोंच्या हक्कांच्या वर ठेवला, ते योग्यच झाले.

मात्र नादारी म्हणजे लबाडी, हा समजही तितकाच खोटा. प्रामाणिकपणे बुडालेल्याला पुन्हा उभे राहण्यासाठीच ही सोय आहे. दुर्दैव असे की संहितेचा व्यक्तींसाठीचा भाग २०१९ मध्ये लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरता. किराणा दुकानदाराला अजून शंभर वर्षांपूर्वीचाच दरवाजा ठोठावावा लागतो. सरकारने तो भाग सर्वांना खुला करावा.

आणि पत्नीने? स्त्रीधन तिचेच, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच सांगितले आहे. पण नवऱ्याच्या कर्जाला ती सहकर्जदार किंवा जामीनदार झाली, की तिच्याकडूनही वसुली होऊ शकते. तेव्हा सही करण्याआधी कागद वाचा.